खोली किती आणि फरश्या किती?



शाळेच्या वर्गखोलीत फरशी बसवावयाची, असा ठराव ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत एकमताने संमत होतो. रक्कम मंजूर होते, गवंडी ठरतो, शहरातून माल येतो आणि खोलीचा तीन चतुर्थांश भाग दोन दिवसांत चकचकीत होतो. तिसऱ्या दिवशी काम थांबते, कारण फरशी संपलेली असते. आणखी चार खोकी आणावयास माणूस पाठवावा, तर दुकानदाराकडील त्या छटेचा माल संपलेला असतो. नवा माल थोडा पिवळसर निघतो. दरम्यान विद्यार्थी व्हरांड्यात बसलेले असतात आणि गावात कुजबुज सुरू होते की, फरशी कोणाच्या घरी गेली? बहुतेक वेळा ती कोणाच्याच घरी गेलेली नसते. हिशेब मुळातच चुकलेला असतो. परंतु त्या कुजबुजीला उत्तर द्यावयाचे तर सरपंचाजवळ आकडा असावा लागतो, आणि आकडा नसेल तर निर्दोष माणसालाही मान खाली घालावी लागते.

वास्तविक हा हिशेब चौथी-पाचवीच्या गणितातला. लांबी गुणिले रुंदी म्हणजे क्षेत्रफळ. त्यास एका फरशीच्या क्षेत्रफळाने भागले की फरश्यांची संख्या मिळते. हे सूत्र खरे आहे, पण ते अपुरे आहे. कोठे अपुरे पडते, हे प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल.

मराठवाड्यातील जुन्या घरांना हा प्रश्न फारसा पडत नसे. वर मातीचे माळवद आणि खाली शेणाने सारवलेली जमीन अशी बहुतेक घरांची रचना होती. सारवणाला संख्या लागत नाही. कमी पडले तर आणखी एक पाटी कालवावयाची. पुढे शहाबादी फरशी आली. तिचे गाव शहाबाद, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत औरंगाबाद आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, त्यामुळे हा करडा चुनखडी दगड या भागाच्या चांगल्या परिचयाचा झाला. छत्रपती संभाजीनगर शहरातील जुन्या वाड्यांत, शाळांत आणि कचेऱ्यांत तो आजही पायाखाली आहे. वैभवाच्या फरशीची परंपरा मात्र याहून जुनी आहे. दौलताबादच्या किल्ल्यातील चिनी महालाला त्याचे नावच मुळी त्याच्या दर्शनी भागावरील झिलईदार रंगीत फरश्यांवरून मिळाले. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यानंतर अबुल हसन तानाशहा याला याच महालात कैदेत ठेवण्यात आले होते. त्या फरश्यांचे आता थोडे अवशेषच उरले आहेत. त्यांचा हिशेब कोणी कसा केला असेल, हा विचार किल्ला पाहताना सहसा कोणाच्या मनात येत नाही.

आता प्रत्यक्ष खोलीकडे वळावे. समजा, वर्गखोली २० फूट लांब आणि १८ फूट रुंद आहे. गावातला जाणता माणूस तोंडी हिशेब करतो की, 'दोन बाय दोन'ची फरशी, म्हणजे लांबीत दहा आणि रुंदीत नऊ. नव्वद फरश्या झाल्या. क्षेत्रफळाने पडताळा घेतला तरी तेच येते. ३६० चौरस फुटांस ४ ने भागिले, ९० आले. गवंड्यांच्या भाषेत हे ३.६ ब्रासचे काम. एकही तुकडा कापावा लागू नये, इतके हे गणित सुबक दिसते.

परंतु बाजारात 'दोन बाय दोन' या नावाने मिळणारी फरशी दोन फुटांची नसते. ती ६०० मिलिमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर होतात. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान पद्धती आली, कारखान्यांनी ती स्वीकारली, शासकीय अंदाजपत्रके मीटरमध्ये तयार होऊ लागली; बोली मात्र फुटांतच राहिली. एका फरशीत साडेनऊ मिलिमीटरचा फरक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. दहा फरश्यांच्या ओळीत तो ९६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चार बोटे होतो. खोली टेपने मोजली तर ती ६.१० मीटर लांब आणि ५.५० मीटर रुंद भरते. नव्वद फरश्या लावून झाल्यावर एका आडव्या आणि एका उभ्या भिंतीलगत सुमारे १० सेंटिमीटरची उघडी पट्टी उरते. फरशी कमी पडण्याची कितीतरी प्रकरणे या एका पट्टीतून जन्माला येतात.

मीटरमध्ये हिशेब केला तर क्षेत्रफळ ३३.५५ चौरस मीटर येते. एका फरशीचे क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर. भागाकार ९३.२, म्हणजे ९४ फरश्या. येथे अपूर्णांक नेहमी वरच धरावयाचा असतो, कारण दुकानदार फरशीचा पाव भाग देत नाही. पण ९४ पुरतील काय? याचे उत्तर भागाकारात नाही. ते मांडणीत आहे. पूर्ण फरश्या ९० बसतील. उरलेल्या पट्टीसाठी एका बाजूस ९, दुसऱ्या बाजूस १० आणि कोपऱ्यात एक छोटा, असे २० तुकडे लागतील. एका फरशीतून १० सेंटिमीटर रुंदीच्या पाच पट्ट्या निर्धोकपणे निघतात; सहावी कापताना पात्याच्या जाडीत जाते. वीस तुकड्यांसाठी चार फरश्या पुरल्या आणि एकूण संख्या ९४ झाली. हेच काम घाईचा गवंडी करू लागला आणि प्रत्येक तुकड्यासाठी त्याने नवी फरशी फोडली, तर २० फरश्या जातील आणि संख्या ११० वर पोहोचेल. क्षेत्रफळ तेच, खोली तीच, गवंडी मात्र निराळा.

यापुढची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. चांगला गवंडी पुष्कळदा पट्टी एकाच भिंतीलगत ठेवीत नाही. खोलीच्या मध्यापासून दोरी धरून तो दोन्ही बाजूंना सारखे तुकडे सोडतो, म्हणजे खोली डोळ्यांस समतोल दिसते. १० सेंटिमीटरची पट्टी दोन्हीकडे वाटली तर पाच-पाच सेंटिमीटरच्या चिंधोट्या येतील आणि त्या टिकणार नाहीत. म्हणून तो दोन्ही दिशांना एकेक ओळ कमी करतो आणि चारही भिंतींलगत ३५ सेंटिमीटरचे तुकडे घेतो. आता पूर्ण फरश्या ९ गुणिले ८, म्हणजे ७२ बसतात आणि कडेचे तुकडे ३८ होतात. ६० सेंटिमीटरच्या फरशीतून ३५ चा तुकडा एकच निघतो, दुसरा निघत नाही. म्हणून ३८ तुकड्यांस ३८ फरश्या. एकूण ११०. योगायोगाने निष्काळजी गवंड्याच्या हिशेबाएवढीच ही संख्या आली, पण येथे निष्काळजीपणा नाही. येथे सौंदर्यदृष्टी आहे. ९४ आणि ११० यांतील १६ फरश्यांचा फरक पाहून कोणी गवंड्यावर आळ घेईल तर ते अन्यायाचे होईल.

हा फरकही पुन्हा दिसतो तेवढा मोठा नाही. भिंतीच्या पायथ्याशी १० सेंटिमीटर उंचीचे स्कर्टिंग बसवावे लागते; नाहीतर फरशी धुताना भिंतीचा गिलावा भिजून फुगतो. अंदाज करताना ही बाब हमखास विसरली जाते. खोलीचा परीघ २३.२० मीटर, त्यातून १.२० मीटरचा दरवाजा वजा केला की २२ मीटर राहिले. ६० सेंटिमीटरचा एक तुकडा याप्रमाणे ३७ पट्ट्या लागतील. पहिल्या मांडणीत त्यांसाठी पाचाला एक या प्रमाणात ८ नव्या फरश्या हव्यात. म्हणजे ९४ अधिक ८, एकूण १०२. दुसऱ्या मांडणीत कडेच्या तुकड्यांतून २५ सेंटिमीटर रुंदीचे ३४ लांब तुकडे शिल्लक राहिलेलेच असतात आणि प्रत्येकातून दोन पट्ट्या निघतात. स्कर्टिंग त्यांतूनच भागते, नवी फरशी लागत नाही. तुटफुटीसाठी ५ टक्के जास्त धरले तर पहिल्या मांडणीस १०८ आणि दुसरीस ११६ फरश्या होतात. चार फरश्यांचे एक खोके, या हिशेबाने २७ खोकी आणि २९ खोकी. सोळा फरश्यांचा वाद अखेर दोन खोक्यांवर येऊन मिटतो. समतोल खोलीसाठी दोन खोकी जास्त खर्च करावयाची किंवा नाही, हे ठरविण्याचा अधिकार पंचायतीचा आहे. मात्र ते माल आणण्यापूर्वी ठरले पाहिजे. गवंड्याला प्रथम खोली दाखवावी, मांडणी कागदावर काढून घ्यावी आणि मग मागणी नोंदवावी. सर्वसाधारण प्रघात याच्या नेमका उलट आहे.

या प्रश्नाचा विचार येथील परिसरात आठशे वर्षांपूर्वी झालेला आहे, हे शिक्षकवर्गाला विशेष आवडेल. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूस गेले की पायथ्याशी पाटण लागते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख तेथे आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या 'लीलावती'त चितिव्यवहार म्हणून एक प्रकरण आहे. त्यात विटांच्या राशीचे गणित येते. वीट १८ अंगुळे लांब, १२ रुंद आणि ३ उंच. रास ८ हात लांब, ५ हात रुंद आणि ३ हात उंच. तर विटा किती आणि थर किती? हाताची अंगुळे २४. राशीच्या घनफळास विटेच्या घनफळाने भागले की २,५६० विटा येतात आणि थर २४ होतात.

शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर घालावेच, परंतु उत्तर आल्यावर तेथे थांबू नये. मुलांना विचारावे की, या विटा प्रत्यक्ष रचता येतील काय? आठ हात म्हणजे १९२ अंगुळे. त्यात १८ अंगुळांच्या विटा दहा आणि वर १२ अंगुळे उरतात. म्हणजे प्रत्येक ओळीत एक वीट तोडावी लागते आणि तिचा ६ अंगुळांचा तुकडा हाती राहतो. असे दोन तुकडे जोडले की दुसऱ्या ओळीची उणीव भरून निघते. सर्व तुकडे कामास आले तर विटा बरोबर २,५६० लागतात. तुकडे फेकून दिले तर प्रत्येक ओळीस ११, ओळी १०, थर २४, म्हणजे २,६४०. आचार्यांचे उत्तर आणि उधळ्या गवंड्याचे उत्तर यांत ८० विटांचे अंतर आहे. सूत्र घनफळाचा हिशेब सांगते. तुकड्यांचा हिशेब करणाऱ्याने स्वतः ठेवावयाचा असतो.

शहाबादी फरशीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ती खाणीतून येते, कारखान्यातून नव्हे. तिच्या कडा खडबडीत असतात आणि बसविण्यापूर्वी त्या कापून सरळ कराव्या लागतात. २४ इंची म्हणून घेतलेली फरशी कडा मारल्यावर २३ इंची उरली, तर क्षेत्रफळ ५७६ चौरस इंचांवरून ५२९ वर येते. म्हणजे शेकडा आठ फरशी भुशात गेली. वरच्याच २० बाय १८ फुटांच्या खोलीस ९० ऐवजी ९८ फरश्या केवळ क्षेत्रफळाच्या हिशेबाने लागतात आणि कडेच्या पट्ट्या कापून बसविताना संख्या शंभरावर जाते. फरशी चौरस फुटावर विकत घेताना मोजणी कडा मारण्यापूर्वीची की नंतरची, हे पावतीवर लिहून घेतलेले बरे.

मोजमापासंबंधी थोडे सांगणे अवश्य आहे. खोली गिलावा झाल्यानंतर मोजावी. गिलाव्यापूर्वी मोजलेली खोली दोन्ही भिंतींचा गिलावा चढल्यावर तीन-चार सेंटिमीटरने आखडते. लांबी एकाच भिंतीलगत मोजून भागत नाही. दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी मोजावी. खोली काटकोनात आहे की नाही, याची परीक्षा कर्णांवरून होते. ६.१० बाय ५.५० च्या खोलीचे दोन्ही कर्ण ८.२१ मीटर भरले पाहिजेत. एक कर्ण मोठा आणि दुसरा लहान आला तर खोली तिरकी आहे असे समजावे आणि एका भिंतीलगतचा प्रत्येक तुकडा निरनिराळ्या मापाचा निघणार हे गृहीत धरावे. गवंडी गुण्या लावून किंवा दोरीवर तीन, चार, पाचाचा त्रिकोण धरून हेच पाहत असतो. फरशी कर्णाच्या दिशेने तिरकी बसवावयाची असेल तर तुटीचे प्रमाण पाच टक्क्यांवर थांबत नाही. दहा टक्के किंवा त्याहूनही अधिक धरावे लागते. पिंपळाच्या वर्तुळाकार पारासाठी तर चौरस फरशीचा हट्ट न धरलेलाच बरा. तेथे तुकड्यांची जडणघडण करावी, म्हणजे इतर कामांतून उरलेले तुकडे सत्कारणी लागतात.

गावरस्त्यांवर अलीकडे पेव्हर ब्लॉक मोठ्या प्रमाणावर बसविले जातात. २०० बाय १०० मिलिमीटरचा साधा आयताकृती ब्लॉक असेल तर चौरस मीटरला ५० लागतात. नागमोडी आकाराचे ब्लॉक असतील तर सूत्राच्या मागे लागू नये; जमिनीवर एक मीटरची लाकडी चौकट ठेवावी, तीत ब्लॉक मांडावेत आणि मोजावेत. ६० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद रस्त्याचे क्षेत्रफळ १८० चौरस मीटर होते, आयताकृती ब्लॉक ९,००० लागतात. हाच रस्ता प्रत्यक्षात २.९० मीटर रुंद झाला तर क्षेत्रफळ ६ चौरस मीटरने घटते आणि ३०० ब्लॉक कमी लागतात. दहा सेंटिमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नव्हे. रस्त्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला ते दिसत नाही, टेपला दिसते.

येथे एक भेद स्पष्ट असला पाहिजे, कारण तो न कळल्यामुळे सभांमध्ये निष्कारण खडाजंगी होते. काम ठेकेदारास चौरस मीटरच्या दराने दिले असेल तर देयक तयार झालेल्या क्षेत्रफळावर निघते. फरशीची तूट त्या दरातच धरलेली असते. त्याने ९४ वापरल्या की ११०, हा त्याचा प्रश्न होय. अशा वेळी सदस्यांनी फरश्या मोजत बसू नये. मोजमाप पुस्तकातील लांबी-रुंदी खोलीशी ताडून पाहावी, स्कर्टिंगची वेगळी नोंद आहे काय हे पाहावे आणि फरशीखालील थराची जाडी काम चालू असतानाच तपासावी. याउलट, लोकवर्गणीतून किंवा पंचायतीने स्वतः माल विकत घेऊन मजुरीने काम करून घेतले असेल, तर संख्या हाच हिशेबाचा कणा ठरतो. शाळांची पुष्कळ कामे गावाच्या वर्गणीतून होतात. वर्गणी देणाऱ्याला चौरस मीटर विचारण्याची सवय नसते. तो खोकी किती आली आणि किती उरली एवढेच विचारतो, आणि त्याचा प्रश्न अगदी रास्त असतो.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. मांडणीचा कागद, खरेदीची पावती आणि साठा नोंदवहीतील एक ओळ पुरेशी आहे. मोजणीचे काम शाळेतील सहावी-सातवीच्या मुलामुलींकडून करून घेता येईल. टेप, दोरी आणि खडू एवढ्या साहित्यावर एका तासिकेत खोली मोजून होते, आणि आपल्या पायाखालच्या फरश्यांचा आकडा मुले जन्मभर विसरत नाहीत. पंचायतीवर प्रथमच निवडून आलेल्या भगिनींनाही हा हिशेब अवघड जाण्याचे कारण नाही. लुगड्याचे वार आणि चौकटीच्या रांगोळीतील ठिपके ज्यांनी मोजले आहेत, त्यांना ओळी आणि स्तंभ नव्याने शिकवावे लागत नाहीत.

खरेदीच्या वेळी सर्व खोक्यांवरील छटेचा आणि बॅचचा क्रमांक एकच आहे, हे दुकानातच पाहावे. गुजरातेतील मोरबीच्या कारखान्यांतून येणाऱ्या मालात एकाच नावाच्या दोन बॅचच्या रंगांत फरक पडू शकतो. काम पूर्ण झाल्यावर उरलेल्या फरश्या परत करण्याची घाई करू नये. चार-पाच फरश्या खोक्यावरील चिठ्ठीसह शाळेच्या भांडारात ठेवाव्यात आणि तशी नोंद करावी. बाके ओढताना किंवा नळजोडणी करताना एखादी फरशी पुढेमागे फुटतेच, आणि त्या वेळी ती छटा बाजारात मिळेलच असे नाही.